तिहेरी तावदानांच्या खिडक्या: काच उत्तम, परीक्षा कडेची

कमीत कमी ऊर्जेवर चालणारं घर बांधताना भिंती आणि छत हा तुलनेनं सोपा भाग आहे. उष्णतारोधक थर जाड केला की आकडा खाली येतो. खिडकीला मात्र हा उपाय चालत नाही. यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. चांगल्या भिंतीचं यू-मूल्य ०.१५ पर्यंत येतं, पण चांगली दुहेरी खिडकी १.३ च्या आसपासच थांबते. म्हणजे तेवढ्याच जागेतून जवळजवळ नऊपट उष्णता निसटते. थंड हवामानातल्या अशा घरांत तिहेरी तावदानं गरज म्हणून आली ती यामुळेच. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात, क्रानिखश्टाइन भागात पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे असंच अत्यल्प ऊर्जेवर चालणारं घर, उभं राहिलं, त्यातही तीन काचांच्याच खिडक्या होत्या.

आधी काचेबद्दल बोलू, कारण तिथे कौतुक करायला हात आखडता घ्यायचं कारण नाही. आज सर्वाधिक वापरली जाणारी रचना ४-१६-४-१६-४ किंवा ४-१८-४-१८-४ अशी असते: ४ मि.मी.च्या तीन काचा, मधल्या दोन पोकळ्यांत आर्गॉन, एकूण जाडी ४४ किंवा ४८ मि.मी. बाहेरून आत सहा पृष्ठभाग मोजले तर दुसऱ्या आणि पाचव्यावर चांदीचा अतिपातळ लो-ई लेप असतो. तो उष्णतेचं प्रारण परत खोलीत फिरवतो. अशा काचेचं यू-मूल्य ०.६ ते ०.५ येतं. पोकळी १२ मि.मी.वर आणली तर आर्गॉनमध्ये ते ०.७ पर्यंत चढतं. क्रिप्टॉन १२ मि.मी.तही ०.५ देतो, पण तो बराच महाग असतो. चौकटीत जाड काच बसतच नसेल तेव्हाच त्याचा विचार करावा. पोकळी १८ मि.मी.च्या पुढे नेऊन फायदा नाही, कारण आत वायू गोल फिरू लागतो आणि उष्णता वाहून नेतो.

या आकड्याचा अर्थ काचेजवळ बसल्यावर कळतो. बाहेर उणे १० आणि आत २० अंश असताना तिहेरी काचेच्या मध्यभागी आतल्या बाजूचं तापमान साधारण १७.५ असतं. लेप असलेल्या दुहेरी काचेचं १५.७ आणि बिनलेपाच्या जुन्या दुहेरी काचेचं जेमतेम ९ असतं. २० अंशाच्या खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ९.३ अंशांवर येतो. जुन्या काचेवर पाणी का सुटतं आणि नव्या काचेच्या मध्यावर का सुटत नाही, हे यातून समजतं. काचेवरून पायाशी उतरणारा गार झोतही थांबतो. त्यामुळे खिडकीखाली हीटर ठेवण्याची गरज उरत नाही, आणि पॅसिव्ह हाउसच्या कल्पनेत ही सोय फार मोलाची आहे.

पण माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेला ०.५ हा आकडा काचेच्या मध्यभागाचा असतो, खिडकीचा नव्हे. खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत इथे होते, म्हणून हिशेब करूनच पाहू. १.२३ × १.४८ मीटरची, एका झडपेची खिडकी घ्या. चौकट आणि झडप मिळून चारी बाजूंनी १२ सें.मी. जातात. काच उरते १.२३ चौरस मीटर, चौकट ०.५९ चौरस मीटर आणि काचेची कड ४.४६ मीटर. काचेचं यू-मूल्य ०.६, चौकटीचं ०.८. तीन काचांना अलग ठेवणारा स्पेसर उष्णता अडवणारा असेल तर कडेतून एका अंशाच्या फरकाला दर मीटरमागे ०.०३५ वॅट जातात. मग पूर्ण खिडकीचं यू-मूल्य ०.७५ येतं. तोच स्पेसर साधा ॲल्युमिनियमचा असेल तर कडेतून ०.०८ वॅट जातात आणि खिडकी ०.८६ वर पोचते. काच तीच, चौकट तीच, तरी ०.८० ची पॅसिव्ह हाउस मर्यादा ओलांडली. शिवाय थंडीत काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसू लागते ती वेगळी. म्हणून ऑर्डरमध्ये स्पेसरचं नाव आणि त्याचं प्रति मीटर मूल्य लिहून घ्या. फक्त ‘वॉर्म एज’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीपासून प्लास्टिक आणि सिलिकॉन फोमपर्यंत सगळं त्या नावाखाली विकलं जातं.

याच हिशेबानं ६० × ६० सें.मी.ची खिडकी केली तर यू-मूल्य ०.८७ होतं आणि एकूण जागेपैकी फक्त ३६ टक्के काच उरते. छोट्या छोट्या चार खिडक्यांपेक्षा एक मोठी, आणि उघडायची गरज नसेल तिथे न उघडणारी, हा नियम नकाशाच्या टप्प्यावरच लागू करावा. एकाच खिडकीत मधले उभे-आडवे दांडे घालून चौकोन पाडले तर चौकटीचा वाटा वाढतो आणि महाग काचेचा फायदा तिथेच संपतो.

चौकटीत आमची पहिली पसंती बाहेरून ॲल्युमिनियमचं आवरण असलेल्या, पोटात उष्णतारोधक थर भरलेल्या लाकडी चौकटीला. लाकूड पावसापासून वाचतं, मोठ्या झडपेचं वजन पेलतं आणि ०.७ ते ०.८ चं मूल्य गाठता येतं. यूपीव्हीसी स्वस्त पडतं. सहा ते आठ कप्प्यांची, ८० मि.मी.हून खोल प्रोफाइल घेतली तर ती पुरेशी चांगली असते. मात्र मजबुतीसाठी आत घातलेली स्टीलची पट्टी उष्णतेला वाट देते, आणि गडद रंगाची मोठी झडप उन्हात वाकते. चौकटीचा आकडा स्टीलसह मोजलेला आहे का, हे विचारा. निव्वळ ॲल्युमिनियमची चौकट घ्यायची तर थर्मल ब्रेक, म्हणजे आतलं आणि बाहेरचं ॲल्युमिनियम अलग ठेवणारा रोधक भाग, रुंद आणि फोम भरलेला हवा. साध्या थर्मल ब्रेकच्या चौकटीत तिहेरी काच बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. काच दर मि.मी. जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. ४ मि.मी.च्या तीन काचा म्हणजे ३० किलो, ६ मि.मी.च्या असतील तर ४५ किलो. बाल्कनीच्या दारात १.६ चौरस मीटर काच असेल तर नुसती काचच ४८ ते ७२ किलो होते. बिजागरीची क्षमता झडपेच्या पूर्ण वजनासाठी आहे का, हे लेखी घ्यावं. ती कमी पडली की झडप मोकळ्या बाजूला झुकते, गॅस्केट (झडपेच्या कडेची रबरी पट्टी) नीट दाबलं जात नाही आणि वारा आत येतो.

काच झडपेत बसवतानाही हेच वजन त्रास देतं. काच चौकटीला न टेकता ठोकळ्यांवर उभी राहिली पाहिजे. बाजूला उघडणाऱ्या झडपेत भार पेलणारे ठोकळे खाली बिजागरीच्या बाजूला आणि वर त्याच्या समोरच्या कोपऱ्यात बसतात, म्हणजे काचच झडपेचा तिरपा आधार बनते. ठोकळा काचेच्या पूर्ण जाडीपेक्षा निदान २ मि.मी. रुंद हवा. तो अरुंद असला तर दोन काचा टेकतात, तिसरी अधांतरी राहते. काही वर्षांत ती खाली सरकते, कडेचं ब्युटिल (काच आणि स्पेसर यांच्यातलं चिकट सील) फाटतं, आर्गॉन जातो आणि दमट हवा आत शिरते. पोकळीत धुकं दिसलं की स्पेसरमधले ओलावा शोषणारे दाणे भरून गेले असं समजा. यावर दुरुस्ती नाही, पूर्ण काचसंच बदलावा लागतो. हाच परिणाम झडपेच्या खाचेत पाणी साचल्यानंही होतो, म्हणून पाणी निघायची छिद्रं फोमनं किंवा रंगानं बुजलेली नाहीत ना, ते बघा.

अरुंद काचांचा प्रश्न कमी जणांना माहीत असतो. दोन्ही पोकळ्यांतला वायू तापमान आणि हवेच्या दाबाप्रमाणे फुगतो किंवा आकसतो. मोठी काच थोडी वाकून तो ताण घेते. अर्ध्या मीटरहून अरुंद काच ताठ असते, त्यामुळे सगळा जोर काचेवर आणि कडेच्या सीलवर येतो. अशा ठिकाणी १२ मि.मी.ची पोकळी किंवा कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच मागावी. डोंगरावर घर असेल तर ती उंची कारखान्याला आधीच कळवा. दर १०० मीटरला हवेचा दाब सुमारे १२ हेक्टोपास्कलनं उतरतो आणि सखल भागात सीलबंद केलेली काच वर गेल्यावर बाहेर फुगते.

उष्णतेच्या ताणानं तडकण्याची तक्रारही ऐकू येते. तिचं मूळ बहुधा वापरात असतं. आतून चिकटवलेली गडद फिल्म, काचेला अगदी लागून असलेला सोफा, अर्ध्या काचेवर पडणारी कडक सावली, यांमुळे काचेचा मधला भाग तापतो आणि चौकटीत दडलेली कड गारच राहते. तडा कडेपासून काटकोनात सुरू झाला असेल तर कारण बहुतेक हेच. लेप मधल्या काचेवर असेल तर ती काच टफन्डच हवी.

पहाटे बाहेरच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या दवाला मात्र दोष म्हणू नये. आतली उष्णता बाहेर पोचतच नाही, निरभ्र रात्री बाहेरची काच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर दव पडतं. ऊन आलं की ते जातं.

आता बसवणी. उत्तम खिडकीही इथे सहज खराब होते. वरची ०.७५ ची खिडकी भिंतीत बसवताना परिघातून दर मीटरला ०.०२ वॅट जात असतील तर प्रत्यक्ष मूल्य ०.८१ होतं, ०.१० जात असतील तर थेट १.०५. एवढा फरक फक्त जागेचा आणि जोडकामाचा असतो. खिडकी विटांच्या मधोमध न बसवता उष्णतारोधक थराच्या पातळीत, मजबूत कंसांवर किंवा रोधक ठोकळ्यांवर बसवावी आणि बाहेरचा थर बाजूंनी व वरून चौकटीवर ४ ते ६ सें.मी. चढवावा. चारी बाजूंनी १० ते १५ मि.मी. फट ठेवून, ओळंबा आणि पाणसळ लावून चौकट आधी खालच्या ठोकळ्यांवर टेकवायची. मग कोपऱ्यापासून सुमारे १५ सें.मी.वर पहिला स्क्रू आणि पुढे ७० सें.मी.च्या आत पुढचे. फटीत फोम भरण्याआधी चौकटीला आडवे टेके द्या, नाहीतर फुगणारा फोम ती आत ढकलतो आणि झडप घासू लागते. बसवताना मारलेल्या लाकडी पाचरी काढून घ्या. त्या ओल धरतात.

जोडाचे तीन थर असतात: आतून हवा आणि बाष्प अडवणारी टेप, मध्ये रोधक भरणा, बाहेरून पाऊस रोखणारी पण बाष्प जाऊ देणारी टेप. क्रम उलटला तर खोलीतला दमटपणा जोडात शिरून तिथेच अडकतो. फोम हा हवाबंद थर नाही, हे गवंड्याला आणि सुताराला दोघांनाही सांगावं लागतं. टेप कोपऱ्यात ताणून लावू नका, तिथे छोटी घडी सोडा. ब्लोअर डोअर चाचणी, म्हणजे दारात पंखा लावून घराची हवागळती मोजणं, जोड अजून दुरुस्त करता येत असतानाच करून घ्या. पॅसिव्ह हाउससाठी ५० पास्कलला तासाला ०.६ पट हवाबदल ही मर्यादा आहे, आणि गळती सापडतेच ती बहुधा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत.

तिसऱ्या काचेची किंमत उजेडातही मोजावी लागते. लेपाच्या दुहेरी काचेतून सुमारे ८० टक्के प्रकाश येतो, तिहेरीतून ७० ते ७४. उन्हाची ऊब किती आत येते ते सांगणारं जी-मूल्य साधारण ०.५० ते ०.५५ असतं. थंड प्रदेशात सूर्याकडच्या बाजूला हे मूल्य जितकं जास्त तितकं बरं. तपासणी सोपी आहे: काचेचं यू-मूल्य जी-मूल्याच्या १.६ पटीपेक्षा कमी असावं. पण मोठ्या काचांवर बाहेरून सावलीची सोय नसेल तर उन्हाळ्यात तीच खोली भट्टी होते. आतले पडदे तिथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण तोवर ऊन आत आलेलं असतं.

म्हणूनच कायम उष्ण हवामानात तिहेरी काच घ्यायची शिफारस आम्ही सरसकट करणार नाही. बाहेर ३५ आणि आत २५ अंश असतील तर तिसरी काच दर चौरस मीटरला जेमतेम ५ वॅट वाचवते. काचेवर ६०० वॅटचं ऊन पडत असताना जी-मूल्य ०.६ वरून ०.३ वर आणलं तर १८० वॅट वाचतात. तिथे दुसऱ्या पृष्ठभागावर ऊन अडवणारा लेप असलेली दुहेरी काच आणि बाहेरची सावली आधी करावी. आवाजासाठीही तिहेरीवर भिस्त ठेवू नका. तीन सारख्या काचा ३२ डेसिबलच्या आसपासच थांबतात. वेगवेगळ्या जाडीच्या काचा आणि त्यांत एक लॅमिनेटेड असेल तरच रस्ता शांत होतो.

जुन्या घरात भिंतींना रोधक थर न देता फक्त खिडक्या बदलण्याचा मोह टाळावा. आधी काच सगळ्यात गार असायची, पाणी तिथे सुटायचं आणि दिसायचं. आता भिंतीचा कोपरा सगळ्यात गार ठरतो आणि बुरशी कपाटामागे धरते. हवाबंद घराला उष्णता परत मिळवणारं यांत्रिक वायुवीजन हवंच.

माल उतरवून घेताना काचेसमोर लायटर पेटवा. ज्योतीची सहा प्रतिबिंबं दिसतात. दुसऱ्या आणि पाचव्याचा रंग वेगळा दिसला तर लेप आहेत आणि योग्य जागी आहेत. स्पेसरवरचा छापील मजकूर ऑर्डरशी ताडून बघा, त्याचा फोटो ठेवा आणि प्रत्येक झडप गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी अडकवून बंद करा. कुठल्याही बाजूला पट्टी सहज ओढून निघाली तर बसवणारा माणूस जागेवर असतानाच बिजागरी जुळवून घ्या. पुढे वर्षातून एकदा गॅस्केट पुसून त्याला सिलिकॉनचं वंगण लावायचं, बिजागरीत तेल सोडायचं आणि पाण्याची छिद्रं मोकळी करायची.