तिशीनंतर पुण्यात पीएचडी: नवी पेठ, औंध-खडकी की कोथरूड?

आठ वर्षांची नोकरी सोडून मी चौतिसाव्या वर्षी सोलापूरहून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएचडीला आले. एकटी. गेल्या साडेतीन वर्षांत नवी पेठेत सात महिने काढले, औंधला अकरा, आणि तेव्हापासून कोथरूडला आहे. खडकीत मी राहिलेली नाही, पण माझी जवळची मैत्रीण तिथे चौथ्या वर्षात आहे आणि तिच्याकडे माझं सतत जाणं-येणं असतं. आता ओळखीतलं कुणी ना कुणी दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन फोन करतं, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवते.

लग्न झालेलं नाही, मोडलंय, की करायचंच नाही, हे घरमालकाला वेगवेगळं दिसत नाही. पहिला प्रश्न ‘फॅमिली का बॅचलर?’ आणि दुसरा ‘जॉब कुठे?’ दोन्हींची आपली उत्तरं त्याला नको असलेली. वयाच्या तेविशीत माणूस यातून मित्रांच्या घोळक्यासह निभावून नेतो. तिशीत तो घोळका नसतो. म्हणून भाग निवडताना जरा वेगळा हिशेब करावा लागतो.

माझा हिशेब असा: घर पहिल्या वर्षासाठी बघू नका, चौथ्या वर्षासाठी बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी किमान तीन वर्षांची, आणि ती सहा वर्षांपर्यंत जाते. कोर्सवर्कच्या, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या तासांच्या, महिन्यांत रोज विभागात जावं लागतं, चार ओळखी होतात, चहाला सोबत असते. म्हणून सगळे विद्यापीठाजवळचं घर शोधतात. पुढे प्रत्येक जण आपापल्या फील्डवर्कला पांगतो आणि लिखाणाची वर्षं येतात. तेव्हा तुम्ही दिवसच्या दिवस घरात असता. आठवड्यातून एकदा गाइडला भेटायचं, दोनदा ग्रंथालयात जायचं, बाकी टेबल आणि तुम्ही. त्या काळात आजूबाजूला कोण आहे, यावर प्रबंध पुरा होणार की नाही हेसुद्धा ठरतं, असं मी माझ्यावरून आणि इतरांवरून पाहिलं आहे.

आधी पैसे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) असेल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा, पण वसतिगृहात राहिलात तर तो नाही. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. कागदावर हे आकडे पुरेसे वाटतात. पण माझी रक्कम पहिल्या वर्षी सलग पाच महिने आली नव्हती आणि भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचंच होतं. त्यामुळे महिन्याच्या फेलोशिपकडे बघून घर ठरवू नका. बँकेतल्या शिल्लकीतून सहा महिने भरता येईल, तेवढंच भाडं तुमचं. घर शोधताना मला जे आकडे ऐकायला मिळाले ते साधारण असे: नवी पेठेत कॉट बेसिसला, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका कॉटला, तीन-चार हजार. खडकी-बोपोडीत वन बीएचके दहा ते चौदा. कोथरूडला बंगल्यातली एक खोली दहा-अकरा, स्वतंत्र वन बीएचके सोळाच्या पुढे. औंधला तेच वीसच्या वर, आणि टू बीएचकेत तिघींत वाटून घेतलं तरी दहा. डिपॉझिट सगळीकडे दोन-तीन महिन्यांचं, एजंट असेल तर त्याचं एक महिन्याचं भाडं वर.

नवी पेठ स्वस्त आहे, आणि तिच्यावर मी अन्याय करणार नाही. अलका टॉकीजपासून गांजवे चौक, शास्त्री रस्ता हा सगळा पट्टा एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या मुलामुलींचा. मराठवाड्यातून, विदर्भातून, सांगली-साताऱ्याकडून आलेली. माझ्या खोलीत चार लोखंडी कॉट होत्या, प्रत्येकीखाली पत्र्याची पेटी. खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर टॉवेल, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर पेनानं गिरवलेल्या नद्या. पहाटे पाचला अलार्म वाजायचा आणि सव्वापाचला शेजारची मुलगी पुटपुटत पाठ करायला लागायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “ताई, तुम्ही कुठल्या पोस्टसाठी करताय?” मी पीएचडी म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग तुम्हाला वयाची अट नाही, बरंय.” ती गुणी पोर होती, माझ्यासाठी मेसमधून भाकरी राखून ठेवायची. पण सात महिने मी तिथे सगळ्यांची ताईच होते. माझ्या बरोबरीचं कुणी नव्हतं.

पेठेची खरी ताकद रात्री दिसते. अभ्यासिका रात्रभर उघड्या, त्यामुळे साडेअकराला एकटी परतताना गल्लीत माणसं असतात, टपरीवर चहा असतो. बाई म्हणून इतकी निर्धास्त मी दुसरीकडे कुठे चाललेली नाही. सकाळी सहाला पोहे मिळतात. ज्याचा विषय मराठ्यांचा इतिहास, मोडी किंवा जुनं मराठी वाङ्मय आहे, त्याच्यासाठी तर इथे राहण्याचं कारण दारातच आहे: सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पायी जाण्यासारखं, पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौकही तसाच. पण कॉट बेसिसमध्ये कागद पसरायला जागा नसते. माझ्या मुलाखतींचे गठ्ठे मी सात महिने त्या पेटीत ठेवले, एक काढायचा तर पाच बाहेर काढावे लागत. स्वयंपाकघर नाही. गणपतीआधी दोन महिने नदीकाठी ढोल-ताशांचा सराव, आणि विसर्जनाला तर घराबाहेर पडायचा रस्ताच उरत नाही. वर्षभराच्या आतलं काम असेल तर पेठ घ्या. लिखाणाच्या वर्षांना नाही.

औंध विद्यापीठाला खेटून आहे. ब्रेमेन चौकाकडून विभागात चालत जाता येतं, आणि चारशेहून जास्त एकरांचा तो जुन्या झाडांचा परिसर जणू आपलंच अंगण होतो. जयकर ग्रंथालयात उशिरापर्यंत बसून घरी यायला दहाचा ठोका चुकत नाही. लिफ्ट, पाणी, स्वच्छता, सगळं बरं. माझ्या फ्लॅटमध्ये आयटीतल्या दोघी होत्या, सज्जन, पण त्यांच्या शिफ्ट वेगळ्या आणि शनिवार-रविवार त्या आपल्या गावी. ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. तीन दिवस तापात पडून होते. त्या तीन दिवसांत माझ्याशी बोललं ते फक्त गेटवरचं अ‍ॅप: डिलिव्हरीवाल्याला सोडू का? पलीकडच्या दाराआड कोण राहतं हे मला अकरा महिन्यांत कळलं नाही. मी सोसायटीला दोष देत नाही, तिथली वस्तीच दिवसा बाहेर असणाऱ्यांची. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला मात्र तिथे कुणीच भेटत नाही.

त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या अंगाला खडकी आणि बोपोडी. औंधच्या जवळजवळ निम्म्या भाड्यात तेवढंच अंतर, शिवाय लोणावळा लोकल आणि मेट्रो दोन्ही. कॅन्टोन्मेंटचा जुना बाजार, बेकऱ्या, मिसळीची दुकानं, तमिळ, ख्रिस्ती, मुस्लिम, बौद्ध, मराठा अशी सगळी मिसळलेली वस्ती. इमारती जुन्या, लिफ्ट क्वचित.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण भागांची तुलना सगळ्यांसाठी सारखी नसते. पेठांत आणि कोथरूडला घर बघताना अनेक ठिकाणी आडनाव विचारलं जातं. माझ्या या मैत्रिणीला फोनवर हो म्हटलेली तीन घरं आडनाव कळल्यावर ‘नुकतीच गेली’. चौथ्या ठिकाणी ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही’, तिनं खाण्याचा विषय काढलाही नसताना. खडकीत तिला आधी भाडं विचारलं गेलं, मग किती वर्षं राहणार ते. तेवढंच. ती म्हणते, त्या दिवशी मी पहिल्यांदा चप्पल काढून कुणाच्या घरात नीट बसले. ज्यांना हा अनुभव येण्याची शक्यता आहे, त्यांनी शोधाची सुरुवातच खडकी-बोपोडीपासून करावी, आधी आठ ठिकाणी मन दुखावून घेऊ नये. उणीव एकच: विद्यापीठाच्या मागच्या बाजूचा, रेंजहिल्सकडचा रस्ता अंधार पडल्यावर निर्मनुष्य होतो. ती दिवेलागणीला निघते, नाहीतर रिक्षा करते. तो खर्च भाड्यात धरावा.

आता कोथरूड, आणि त्याला लागून एरंडवणे. इथे तिशीचं वय पहिल्यांदा माझ्या बाजूनं उभं राहिलं. जुने बंगले, छोट्या सोसायट्या, मुलं परदेशी, घरात सत्तरीचे काका-काकू. त्यांना तीन कॉलेजवयीन मुलं नको असतात. पुस्तकं घेऊन गप बसणारी, वेळेवर भाडं देणारी, रात्री कुलूप नीट लावणारी वयानं जाणती व्यक्ती त्यांना हवी असते. मला जी खोली मिळाली तिची जाहिरात कुठेच नव्हती. कर्वे पुतळ्याजवळच्या एका किराणा दुकानदाराला मी विचारलं आणि त्यानं मागच्या गल्लीतलं घर दाखवलं. कोथरूडला बऱ्याच खोल्या अशाच मिळतात: वाणी, इस्त्रीवाला, वाचनालयातल्या बाई यांना विचारून. एजंटकडे त्या येतच नाहीत.

दाराच्या कडीला मी दुधासाठी कापडी पिशवी अडकवते. गेल्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला आणि सकाळी साडेआठपर्यंत पिशवी तशीच लटकत राहिली, तर खालच्या काकू जिना चढून आल्या. हातात पेजेचं भांडं. “पिशवी दिसली म्हणून आले” एवढंच म्हणाल्या. औंधच्या त्या तीन दिवसांनंतर मला या वाक्याची किंमत कळते.

याची दुसरी बाजूही आहे. पाहुणे, विशेषतः पुरुष, आले की काकू विचारतात. मला ते फार टोचत नाही, पण ज्याला त्याचा जाच वाटेल त्यानं खडकी किंवा औंधचा स्वतंत्र फ्लॅट घ्यावा. मुलग्यांना इथे खोली मिळायला जास्त वेळ लागतो, तिशीतल्यांनाही. संध्याकाळी वेताळ टेकडीवर जाता येतं आणि तिथे रोज तीच माणसं भेटतात. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह जवळ. एरंडवण्याच्या बाजूला राहिलात तर भांडारकर संस्था, गोखले इन्स्टिट्यूट, फिल्म इन्स्टिट्यूट हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या व्याख्यानांना तुमच्या वयाची, तुमच्यासारखी माणसं असतात. माझ्या ओळखी पहिल्यांदा तिथेच झाल्या.

अंतर हा कोथरूडचा खरा तोटा. नळस्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, चतुःशृंगी असं दुचाकीवरून जाताना सकाळी पाऊण तास सहज मोडतो. मेट्रोनं जायचं तर वनाज मार्गिकेवरून जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकाला बदलून शिवाजीनगर, तिथून पुढे बस. कोर्सवर्कमध्ये हे जड जातं. चौथ्या वर्षी आठवड्यातून दोनदा जायचं असतं, तेव्हा जात नाही. पहिल्या वर्षी वसतिगृह मिळालं तर ते घ्या आणि तेवढ्यात कोथरूडची गल्ली ओळखीची करून ठेवा, असं मी सांगते.

संस्था डेक्कन कॉलेज असेल तर हे सगळं बाजूला ठेवून येरवडा-विश्रांतवाडी बघा. आयसर, एनसीएल या विज्ञान संस्थावाल्यांना पाषाण. सिंहगड रस्त्याला भाडं कमी सांगतील, पण नदीच्या बाजूचं तळमजल्याचं घर घेऊ नका. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी घरांत शिरलं होतं, आणि प्रबंधाच्या कच्च्या कागदांची दुसरी प्रत नसते.

कुठेही घर घ्या, करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. “ओळखीतले आहात, कशाला कागद” म्हणणाऱ्याला प्रेमानं नाही म्हणा. फेलोशिपच्या घरभाड्याच्या कागदपत्रांसाठीही हा करार लागतो. दर नूतनीकरणाला भाडं पाच की दहा टक्के वाढणार, हे पहिल्याच करारात लिहून घ्या.

कोथरूड-एरंडवण्यात आणखी एक प्रश्न विचाराच: सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय का? जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जाताहेत. घरमालक स्वतःच दोन-तीन वर्षांसाठी त्याच भागात भाड्यानं राहायला येतात, त्यामुळे भाडी चढतात आणि आपल्यासारख्यांना दोन महिन्यांत खोली रिकामी करावी लागते. मी हा प्रश्न विचारला नव्हता. आमच्या इमारतीचा ठराव गेल्या महिन्यात झाला. शेवटची दोन प्रकरणं लिहायची राहिली आहेत आणि मी पुन्हा घर बघते आहे, कर्वे पुतळा ते मृत्युंजयेश्वर मंदिर एवढ्याच टप्प्यात. काकूंनी त्यांच्या भजनी मंडळात सांगून ठेवलंय. दोन खोल्या बघून झाल्या, तिसरी उद्या संध्याकाळी.