जुन्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर : एक परीक्षण

सार्वजनिक वाचनालये, शाळांची कार्यालये, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था यांच्याकडे २०१२-१३ च्या सुमारास घेतलेले संगणक अजूनही रोजच्या कामात आहेत. ते संथ झाले की तीनच सल्ले मिळतात : रॅम वाढवा, ‘फॉरमॅट मारून घ्या’ किंवा नवा घ्या. यंत्रावर बसवलेली सुरक्षा प्रणालीच यंत्राला जड झाली आहे काय, हे मात्र क्वचितच कोणी तपासून पाहते. आमच्या वाचनालयाच्या कार्यालयातील संगणकावरून पैसे देऊन घेतलेली सुरक्षा प्रणाली काढली आणि विंडोज १० मध्ये मुळातच असलेल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसवर काम सोपवले. हे परीक्षण त्या डिफेंडरचे आहे. माझे मत आधीच सांगतो : अशा यंत्रासाठी डिफेंडर पुरेसा आहे आणि योग्यही आहे, पण तो हलका आहे हा समज चुकीचा आहे. त्याच्या तपासणीच्या वेळा आपण बांधून द्याव्या लागतात आणि जुनी हार्ड डिस्क बदलल्याशिवाय त्याचा खरा लाभ मिळत नाही.

यंत्र साधेच आहे. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. त्यावर ग्रंथांची नोंद, सभासदांच्या वर्गणीचा हिशेब टॅलीमध्ये, मराठी पत्रव्यवहार आणि अनुदानाच्या कामासाठी लागणारी सरकारी संकेतस्थळे एवढेच काम चालते. जुनी सुरक्षा प्रणाली असताना सकाळी बटण दाबल्यापासून वर्डमध्ये पहिले अक्षर उमटेपर्यंत सहा-सात मिनिटे जात. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसरचा आकडा वीस-पंचवीस टक्क्यांवर असे आणि डिस्कचा रकाना मात्र शंभर टक्क्यांवर लाल होऊन बसलेला असे. दुखणे कोठे आहे, हे या दोन आकड्यांतच दिसते. प्रोसेसर मोकळा आहे आणि डिस्क गुदमरली आहे, तर रॅमची पट्टी वाढवून किंवा विंडोज नव्याने टाकून मिळणारा आराम फार काळ टिकत नाही, कारण तीच सुरक्षा प्रणाली पुन्हा बसवली की यंत्र पुन्हा तितकेच संथ होते.

असे का होते, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कोणताही अँटिव्हायरस विंडोजच्या फाईल व्यवस्थेत आपला एक फिल्टर ड्रायव्हर बसवतो आणि कोणताही प्रोग्रॅम कोणतीही फाईल उघडू लागला की ती आधी या फिल्टरच्या नजरेखालून जाते. टॅली किंवा वर्ड उघडताना आपल्याला एकच खिडकी दिसत असली, तरी तिच्यामागे शेकडो लहान-लहान फायली उघडल्या जात असतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि डिस्क वाचणारे डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या फायलींच्या बाबतीत अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच मागण्या पुऱ्या करू शकते. साध्या सॅटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, याच वेळात हजारो मागण्या पुऱ्या करते. म्हणून नव्या लॅपटॉपवर जी सुरक्षा प्रणाली जाणवतही नाही, तीच जुन्या डेस्कटॉपवर असह्य होते. त्यात सकाळच्या त्याच दहा मिनिटांत विंडोज अपडेट, शोधासाठीची अनुक्रमणी आणि अँटिव्हायरसची नवी व्याख्यासूची (व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी) हे सारे एकाच डिस्कवर तुटून पडतात. ४ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज पेज फाईलचा, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या स्मृतीचा, आधार घेते आणि ती फाईलही याच डिस्कवर असते.

आमच्याकडच्या जुन्या प्रणालीत अँटिव्हायरसखेरीज बरेच काही होते : ब्राउझरमधील विस्तार, संकेतस्थळांची गाळणी, यंत्राचा वेग वाढवण्याचा दावा करणारे साधन, कालबाह्य प्रोग्रॅम शोधणारे साधन आणि नूतनीकरणाची आठवण करून देणाऱ्या चौकटी. यांपैकी बहुतेक गोष्टी विंडोजबरोबरच सुरू होत. एका जुन्या मराठी टंकलेखन प्रोग्रॅमची फाईलही या प्रणालीने विलग करून ठेवली होती. असे प्रोग्रॅम कळफलकावरील प्रत्येक दाबाची दखल घेतात, त्यामुळे त्यांच्यावर संशय येणे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे आहे. परंतु मासिक सभेचे इतिवृत्त अर्धवट टाइप झालेले असताना अक्षरे उमटेनाशी झाली, की कार्यालयाची जी पंचाईत होते, ती दूर करण्यास त्या कंपनीच्या फोनवरच्या साहाय्यकाकडे उपाय नव्हता.

डिफेंडरकडे वळण्यापूर्वी जुनी प्रणाली पूर्णपणे काढणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन अनइन्स्टॉल केले आणि संगणक पुन्हा सुरू केला, तरी फिल्टर ड्रायव्हर आणि सेवा यांचे अवशेष अनेकदा मागे राहतात. आमच्या यंत्रावर विंडोज सिक्युरिटीच्या पानावर काढून टाकलेल्या प्रणालीचेच नाव दिसत राहिले आणि डिफेंडर बंदच राहिला. मोठ्या सुरक्षा कंपन्या यासाठी स्वतंत्र निष्कासन साधन देतात. ते त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे, शोधयंत्रात वर झळकणाऱ्या भलत्याच पानावरून घेऊ नये, आणि गरज पडल्यास सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज केवळ अत्यावश्यक भागांसह सुरू करून, चालवावे. त्याआधी परवान्याची किल्ली लिहून ठेवावी आणि विलग केलेल्या फायलींत आपली काही कामाची फाईल नाही ना, हे पाहावे. साधन चालवून झाल्यावर प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ (fltmc) ही आज्ञा दिली, की त्या क्षणी फाईल व्यवस्थेवर कोणकोणते फिल्टर बसले आहेत, त्यांची यादी मिळते. तीत ‘डब्ल्यूडीफिल्टर’ (WdFilter) हा डिफेंडरचा फिल्टर दिसावा आणि जुन्या कंपनीचा एकही दिसू नये. पहिल्यांदा ही यादी पाहिली, तेव्हा निघून गेली असे समजलेली प्रणाली तेथे ठाण मांडून बसलेली स्पष्ट दिसली.

दुसरा अँटिव्हायरस उरला नाही की डिफेंडर आपोआप सुरू होतो. नाव नोंदवणे नाही, किल्ली नाही, नूतनीकरणाची तारीख नाही. पहिले काही दिवस तो जुन्या प्रणालीइतकाच जड वाटतो, आणि येथेच अनेक जण निराश होऊन त्याला बंद करण्याच्या मागे लागतात. एकदा तपासलेली आणि नंतर न बदललेली फाईल पुन्हापुन्हा तपासावी लागू नये, यासाठी डिफेंडर नोंद ठेवतो आणि ती नोंद भरत जाते तसतसा त्याचा ताण उतरतो. आमच्याकडे आठवड्याभरात फरक दिसला. सकाळचा खोळंबा दोन-अडीच मिनिटांवर आला आणि टॅलीत एका नोंदीवरून दुसरीवर जाताना येणारा अडखळा गेला. मराठी टंकलेखनाच्या फायलीला डिफेंडरने हात लावलेला नाही. टास्क मॅनेजरमध्ये त्याची प्रक्रिया ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावाने दिसते आणि एरवी ती दीडशे-दोनशे एमबी रॅम घेते, हे ४ जीबीच्या यंत्रावर दुर्लक्ष करण्याजोगे नाही, पण सुसह्य आहे.

डिफेंडरचे दोष त्याच्या ठरावीक तपासणीत दिसतात. ती संगणक रिकामा असताना व्हावी अशी योजना आहे, परंतु आमच्यासारख्या कार्यालयात संगणक कामाच्या वेळेपुरताच चालू असतो, त्यामुळे ग्रंथपाल पाच मिनिटे कपाटाकडे गेले की तपासणी सुरू होते आणि ते परत येतात तेव्हा माऊस हलत नसतो. यावर उपाय टास्क शेड्युलर या कामांच्या वेळा ठरवणाऱ्या विंडोजच्या साधनात आहे. तेथे मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर असे आत गेल्यावर ‘शेड्युल्ड स्कॅन’ सापडते आणि तिची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीवर नेता येते. हे एवढे आत दडवून ठेवण्याचे कारण मला पटत नाही. सामान्य वापरणाऱ्याला लागणारी ही सर्वांत उपयोगी सोय विंडोज सिक्युरिटीच्या पहिल्याच पानावर असायला हवी होती. पॉवरशेल या आज्ञा टाइप करण्याच्या साधनातून तपासणीसाठी प्रोसेसरच्या वापराची मर्यादाही ठरवता येते. मुळात ती पन्नास टक्के असते. ती कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ती ठरवून होणाऱ्या तपासणीसाठी आहे, फाईल उघडतानाच्या अखंड पहाऱ्याला ती लागू होत नाही. शिवाय जेथे अडचण प्रोसेसरची नसून डिस्कची आहे, तेथे तिचा उपयोग मर्यादितच होतो. जुन्या डिस्कवर रोजच्यासाठी झटपट तपासणी पुरे आणि संपूर्ण तपासणी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लावून जावे.

एक्स्क्लुजन्स, म्हणजे तपासणीतून वगळायच्या जागा, हा भाग जपून वापरावा लागतो. टॅलीच्या डेटाचे फोल्डर वगळल्याने हिशेबाच्या कामाचा वेग लक्षणीय वाढला, कारण त्या फायली सतत लिहिल्या जातात आणि तितक्याच वेळा तपासल्या जातात. मात्र डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्खा सी ड्राइव्ह वगळणे म्हणजे दार उघडे टाकून कुलूप खिशात ठेवणे आहे. तेवढे करून मिळालेला वेग नको. खंडणीखोर व्हायरसांपासून बचाव करणारी ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय उत्तम आहे, पण ती सुरू केल्यावर जुन्या प्रोग्रॅमना फायली जतन करू देत नाही आणि प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यावी लागते. आम्ही तसे करून ती चालू ठेवली आहे.

वेगाच्या नादात संरक्षण तर कमी झाले नाही ना, हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्था सुरक्षा प्रणालींची नियमित परीक्षा घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, कामगिरी आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी सहा असे १८ पैकी गुण देते आणि गेल्या काही वर्षांत डिफेंडर तेथे वरच्या गटात राहिला आहे. २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याची जी अवहेलना होत असे, ती आता योग्य नाही. परंतु एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे : इंटरनेट जोडलेले नसताना डिफेंडरची पकड स्पष्टपणे ढिली होते, कारण त्याची बरीच भिस्त मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून मिळणाऱ्या उत्तरावर असते. जेथे नेट दिवसातून अनेकदा जाते, तेथे हा दोष खरा आहे.

वाचनालयात डिफेंडरची कसोटी पेनड्राइव्हवर लागते. विद्यार्थी छपाईसाठी पेनड्राइव्ह आणतात आणि सगळी फोल्डरे शॉर्टकट होऊन बसलेली असतात, हा प्रकार महाराष्ट्रातल्या कोणत्याही सायबर कॅफेवाल्याला ठाऊक आहे. अशा फायलीवर क्लिक करताच डिफेंडर तिला अडवतो, हे मी पाहिले आहे. पण संपूर्ण तपासणीतही पेनड्राइव्ह मुळात धरला जात नाही, म्हणून तो जोडल्यावर त्यावर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडण्याची सवय कर्मचाऱ्यांना लावावी लागली. जुनी प्रणाली पेनड्राइव्ह लावताक्षणी स्वतःहून विचारत असे, आणि या एका बाबतीत ती निश्चितच सरस होती. फसव्या संकेतस्थळांच्या बाबतीतही डिफेंडरचा जोडीदार स्मार्टस्क्रीन मुख्यतः एज ब्राउझरमध्ये काम करतो. क्रोम आणि फायरफॉक्स वापरणाऱ्यांना गूगलच्या सेफ ब्राउझिंगवर विसंबावे लागते आणि तेही चांगले आहे.

त्यानंतर आम्ही हार्ड डिस्कच्या जागी २५० जीबीची साधी सॅटा एसएसडी बसवली. जुनी डिस्क काढून टाकली नाही, स्कॅन केलेल्या दुर्मिळ अंकांसाठी ती दुसरी डिस्क म्हणून ठेवली. आता संगणक अर्ध्या मिनिटाच्या आसपास कामाला तयार होतो आणि तपासणी चालू आहे हे कळतही नाही. ज्याच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत, त्याने सुरक्षा प्रणालीचे नूतनीकरण करण्याऐवजी ते एसएसडीवर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे.

एक मर्यादा मात्र डिफेंडरच्या हाती नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर व टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक लागत असल्यामुळे आमचे यंत्र अधिकृतपणे तेथे जाऊ शकत नाही. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना जाहीर झाली आणि डिफेंडरच्या व्याख्यासूची विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्याख्यासूची नवा व्हायरस ओळखतात, विंडोजमध्येच सापडलेली भोके त्या बुजवत नाहीत. म्हणून बँकेचे व्यवहार आणि डिजिटल स्वाक्षरीचे काम आम्ही दुसऱ्या, नव्या यंत्रावर हलवले आहे आणि या संगणकाकडे ग्रंथनोंद, टॅली आणि टंकलेखन ठेवले आहे.

ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे, त्यांनी नावावरून फसू नये. तेथेही विंडोज डिफेंडर नावाचे साधन आहे, पण ते केवळ हेरगिरी करणारे प्रोग्रॅम शोधते, पूर्ण अँटिव्हायरस नाही. त्या यंत्रावरून असलेली सुरक्षा प्रणाली काढू नये. आधी एसएसडी आणि त्यावर अजून अपडेट्स मिळणारी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम), मग ती लिनक्स मिंट का असेना, बसवावी आणि त्यानंतरच सुरक्षा प्रणालीचा विचार करावा.