पूलच्या टाइल्सवरचं वाळलेलं सिमेंट आणि सल्फॅमिक ॲसिड पावडर: आठ महिन्यांनंतर

नागावला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. मागच्या वाडीत लहानसा पूल. आत पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स, पाण्याच्या रेषेला निळ्या काचेच्या मोझॅइकचा पट्टा आणि काठावर कोटा फरशी. फेब्रुवारीत पूलला लागूनच नव्या खोलीचा स्लॅब ओतला. ताडपत्री बांधली होती, ती वाऱ्याने एका बाजूला सुटली. त्याच संध्याकाळी पाणी मारलं असतं तर सगळं धुऊन निघालं असतं. माझी नजर गेली ती अकराव्या दिवशी, आणि तोवर पट्ट्यावर, टाइल्सवर आणि शिडीवर शेकडो शिंतोडे दगडासारखे बसले होते.

गवंडी म्हणाले, "ताई, ॲसिड मारू, पाच मिनिटांत साफ." खोल बाजूच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी बाजारातलं साधं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, ओतलं. फेस आला, वाफेने डोळे चुरचुरले आणि डाग खरोखरच पाच मिनिटांत गेले. मला तो वास सहन होईना, म्हणून काम थांबवलं आणि चौकशी करून सल्फॅमिक ॲसिडची पावडर आणली. त्यामुळे एकाच पूलमध्ये दोन्ही ॲसिडांचा परिणाम मला शेजारी शेजारी पाहायला मिळाला.

आधी पाण्याबद्दल. सगळे म्हणत होते पूल पूर्ण रिकामा करा. मी केला नाही. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी वर असतं, विहिरीत डोकावलं की कळतं. रिकाम्या पूलला खालून पाण्याचा दाब बसला तर तळ फुटू शकतो, अख्खी टाकी उचललीही जाते. मी पाणी फक्त पट्ट्याच्या हातभर खाली आणलं. डाग बहुतेक वरच होते.

पद्धत अशी बसली: प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाणी, त्यात १०० ग्रॅम पावडर. पाण्यात पावडर घालायची, उलट नाही. आधी टाइल्स आणि सांधे साध्या पाण्याने चिंब करायचे, म्हणजे सांधे ॲसिड पीत नाहीत. मग सुती फडकं द्रावणात भिजवून डागावर दाबून ठेवायचं, पंधरा मिनिटं. बारीक बुडबुडे दिसतात. त्यानंतर प्लास्टिकची पट्टी आडवी धरून सरकवायची. मी जुनं एटीएम कार्ड वापरलं, मोझॅइकवर तेच सगळ्यात बरं चाललं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून ते पाणी स्पंजने बादलीत काढून घ्यायचं, पूलमध्ये जाऊ द्यायचं नाही.

ॲसिड काँक्रीट विरघळवतं असा माझा समज होता. ते फक्त सिमेंट सोडवतं. आपल्याकडची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, काळ्या पाषाणाची, तिला या ॲसिडचं काही होत नाही. म्हणून जाड ढेकळाला तीन-चार वेळा फडकं लावावं लागतं आणि दर वेळी सुटलेली वाळू पट्टीने काढावी लागते. पातळ शिंतोडा एका खेपेत जातो. मला सगळं मिळून सहा सकाळी लागल्या. द्रावण रोज ताजं केलं, कारण ठेवलेल्या द्रावणाचा जोर कमी होतो.

दोन ठिकाणी ही पावडर चालत नाही. एक, कोटा. कोटा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड कुठलंही असो, पॉलिश खाऊन टाकतं. माझ्या काठावर तळहाताएवढा फिका डाग आहे, तो मीच पाडला, फडक्यातून ओघळ गेला. काठाची ढेकळं नंतर लाकडी ठोकळा आणि हातोडीने हलक्या हाताने उडवली. दुसरं, फायबरची घसरगुंडी. तिचा वरचा चकचकीत थर फार नाजूक, तिथे कोमट पाणी आणि नखाने जेवढं निघेल तेवढंच काढलं. प्यूमिस दगड सिरॅमिकवर ठीक, काचेच्या मोझॅइकवर ओरखडे पाडतो. लोखंडी पत्रा कुठेच नको. एका टाइलवर कोणीतरी तो फिरवला, ती ओळ आजही उन्हात दिसते.

आता आठ महिन्यांनंतर. गवंड्यांनी साफ केलेल्या कोपऱ्यातलं सिमेंटचं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतला भराव, खडबडीत झालंय, बोट फिरवलं की वाळू हाताला लागते. पावसाळ्यात तिथे शेवाळ इतर जागांपेक्षा आधी धरलं आणि घासूनही पुरतं सुटत नाही. शिडीच्या खालच्या नटाजवळ तांबूस ठिपकेही आलेत. ती शिडी मी ॲसिड ओतण्याआधी काढून ठेवायला हवी होती. उरलेल्या तिन्ही बाजूंना, जिथे पावडर वापरली, सांधे जसेच्या तसे आहेत. त्या कोपऱ्यात दिवाळीनंतर इपॉक्सी ग्राउट भरून घेणार आहे.

उरलेली पावडर मी पाण्याच्या रेषेवर साचणाऱ्या पांढऱ्या क्षारांसाठी वापरते, महिन्यातून एकदा, निम्म्या ताकदीने. त्यानंतर पाण्याचा पीएच (किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा) तपासते, ७.२ ते ७.८ मध्ये असेल तरच पाहुण्यांना उतरू देते.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. पावडरची बादली आणि क्लोरीनची बादली कधीही एक करू नका, मगसुद्धा वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत गेला तर जिवावर बेततं. आमच्याकडे आता ॲसिडच्या बादलीला लाल पट्टी आहे आणि ती वाडीच्या दुसऱ्या टोकाला, कुलपात असते.