आर्केनस्टोन की सिल्मरिल: आधी कोणती गोष्ट वाचावी?

इंग्रजी लेखक टॉल्किनच्या कल्पित जगात रत्नं इतिहास कसा फिरवतात हे वाचायचं ठरवलंत, की दोन पुस्तकं समोर येतात. १९३७ चं ‘द हॉबिट’, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच्या मुलाने संपादित करून काढलेलं ‘द सिल्मरिलियन’.

‘हॉबिट’मधल्या आर्केनस्टोनची गोष्ट एका पर्वतापुरती. बुटक्यांच्या राजघराण्याचं हे रत्न कुठली जादू करत नाही. बुटक्यांचा म्होरक्या थोरिन, त्याला ते जिवापाड हवंय, तेवढ्याने सगळं पेटतं. ते थोरिनसोबत आलेल्या बिल्बो या हॉबिटच्या, म्हणजे ठेंगण्या जमातीतल्या नायकाच्या, हाती लागतं आणि तो गुपचूप खिशात घालतो. पुढे वेढा पडतो, तेव्हा समेट व्हावा म्हणून रात्री बाहेर पडून तेच रत्न तो शत्रूच्या छावणीत, वेढा घालणाऱ्या माणसांचा नेता बार्ड याला देतो. देताना अंगावर शहारा येतो. आणि देऊन झाल्यावर त्याच रात्री तो आपल्या साथीदारांकडे परत जातो! हातातलं रत्न सोडणारा माणूस इतक्या साधेपणाने रंगवलेला मी क्वचितच वाचलाय.

‘सिल्मरिलियन’मधल्या सिल्मरिल्स या तीन रत्नांचा पसारा मात्र अख्ख्या युगाचा. फेआनोर या एल्फ कारागिराने, जगाला उजळणाऱ्या दोन वृक्षांचा प्रकाश त्यांत साठवला. मॉर्गॉथ या दुष्ट शक्तीने वृक्ष मारले, तेव्हा तो प्रकाश फक्त रत्नांत उरला. वृक्ष घडवणारी देवता यावान्ना म्हणते, रत्नं मिळाली तर वृक्ष पुन्हा जगवता येतील. फेआनोर नकार देतो, आणि मग निरोप येतो: वडील मारले गेले, रत्नं चोरीला गेली. म्हणजे हो म्हटलं असतं तरी द्यायला काहीच उरलं नव्हतं. तरीही त्या एका ‘नाही’मुळे फेआनोर पुढे कसा वागला हे ठरलं, असं टॉल्किन सुचवतो. मग सात मुलांसह घेतलेली शपथ, आपल्याच लोकांवर उचललेली तलवार, बुडालेली राज्यं. अखेर एक रत्न आकाशात, एक समुद्रात, एक जमिनीच्या पोटातल्या आगीत.

वाचायला ‘हॉबिट’ कितीतरी सोपं. ते मुलांसाठीच लिहिलेलं. ‘सिल्मरिलियन’मध्ये नावांची गर्दी दमवते.

नवखे असाल तर ‘हॉबिट’च आधी घ्या. पण एका वस्तूपायी जगाचं नशीब कसं बदलतं हाच तुमचा प्रश्न असेल, तर उत्तर ‘सिल्मरिलियन’मध्ये आहे. शेवटची नामसूची हाताशी ठेवा आणि पुस्तकातल्या मुख्य कथेच्या नवव्या प्रकरणापर्यंत धीर धरा. फेआनोरचा तो नकार तिथेच आहे.