मकरपुऱ्याचा भाड्याचा विंड टनेल: हवा उत्तम, काटा जाड

बडोद्यात जेट इंजिनाच्या छोट्या मॉडेलची चाचणी घ्यायची असेल, तर मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा विंड टनेल (मॉडेलवर ठरावीक वेगाने हवा सोडणारा बोगदा) अर्ध्या दिवसाच्या भाड्याने मिळतो. मॉडेल बसवायची जागा, म्हणजे टेस्ट सेक्शन, ३०० बाय ३०० मिमी, वेग ३० मीटर प्रति सेकंदापर्यंत. हवेबद्दल तक्रार नाही. हवा सरळ करणाऱ्या पोळ्यासारख्या हनीकोम्बमागे जाळ्या आहेत, फॅनला व्हीएफडी (वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) आहे. लोकरीचे धागे चिकटवून पाहा, मध्यभागी सरळ राहतात.

घोडं अडतं काट्यापाशी, म्हणजे मॉडेलवरचा जोर मोजणाऱ्या यंत्रापाशी. त्यात बसवलेला लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) ५ किलोचा. ७५ मिमी व्यासाच्या नॅसेलवर (इंजिनाच्या बाहेरच्या कवचावर) पूर्ण वेगाला गतिज दाब, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणारा दाब, साधारण ५४० पास्कल. ड्रॅग गुणांक (आकार हवेला किती अडवतो त्याचा अंक) ०.२ धरला तर ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा जोर, भरतो जेमतेम ४८ ग्रॅम. ५ किलोच्या सेलची ०.०५ टक्के चूक म्हणजे अडीच ग्रॅम. पाच टक्के तिथेच गेले! १ किलोचा सेल घेऊन जा, बसवू देतात. वीस मिनिटं तापल्यावरच शून्य घ्या. मॉडेल धरणाऱ्या नुसत्या दांड्याचा ड्रॅग वेगळा मोजून वजा करायला विसरू नका.

मॉडेल ७५ मिमीपेक्षा मोठं नको. १०० मिमीचं मॉडेल सेक्शनचा पावणेनऊ टक्के भाग अडवतं, भिंतीलगत हवा जोरात निघते आणि ड्रॅग फुगतो. पाच टक्क्यांच्या आत राहा. शिवाय मॉडेल आरपार पोकळ हवं. तोंड बुजलेलं असलं की हवा ओठावरून बाहेर सांडते आणि आकडा भलताच येतो. थ्री-डी प्रिंटच्या रेघा घासून प्रायमर मारा.

चालतं टर्बाइन लावू देत नाहीत, ते योग्यच. ईडीएफ (विजेवर चालणारा नळीतला पंखा) चालतो, पण मग काट्यावर ड्रॅग आणि थ्रस्टची (पुढे ढकलणाऱ्या जोराची) खिचडी होते.

मॅनोमीटरशेजारच्या (दाब दाखवणाऱ्या नळीशेजारच्या) वेगाच्या तक्त्यात हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरली आहे. मे महिन्यात ४० अंशांना ती १.१२च्या आसपास असते, म्हणून तक्ता वेग चार-साडेचार टक्के कमी सांगतो. गुणांकाला धक्का लागत नाही, कारण दाब थेट मोजलेला असतो; रेनॉल्ड्स अंक (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून प्रवाह कसा वागेल ते सांगणारा अंक) मात्र थर्मामीटर पाहून नव्याने काढावा लागतो.

कलाभवनच्या (एम. एस. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेच्या) मुलांचे प्रोजेक्ट संपत आले की सकाळची वेळ मिळणं कठीण. बुकिंग आधीच करा आणि जाळ्या पुसल्यात का ते फोनवरच विचारा.