रॅटलस्नेकसाठी बसवलेली जाळी: ॲरिझोनातल्या एका अख्ख्या मोसमानंतर

आधी निकाल सांगून टाकते. साप अडवायला कुंपणाला बारीक जाळी लावून घ्या, साप पळवणाऱ्या काठ्या आणि रासायनिक दाणे घेऊ नका, आणि जाळीच्याही आधी उंदरांचा बंदोबस्त करा. आता सविस्तर.

आमचं घर अमेरिकेत, ॲरिझोनातल्या ट्यूसन शहराच्या उत्तरेला, कॅटलिना डोंगरांच्या पायथ्याशी आहे. मागच्या अंगणाला लागूनच वॉश आहे, म्हणजे एरवी कोरडा ठणठणीत आणि पाऊस पडला की तासभर वाहणारा ओढा. घर घेताना एजंट या वॉशचं वर्णन 'निसर्ग थेट दारात' असं करतात आणि त्यात खोटं काही नाही. रानडुकरासारखा हावेलिना, बॉबकॅट नावाचं रानमांजर, रोडरनर पक्षी सगळे तिथूनच येतात-जातात आणि रॅटलरही, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी रॅटलस्नेक. आमच्याकडे दिसतो तो बहुतेक वेळा वेस्टर्न डायमंडबॅक. पाठीवर शंकरपाळ्यांची नक्षी आणि शेपटीला खुळखुळ्याच्या जरा वर काळे-पांढरे पट्टे. ॲरिझोनात रॅटलरच्या डझनाहून जास्त जाती आहेत आणि मोहावी नावाचा, मज्जासंस्थेवर जास्त परिणाम करणारा प्रकारही इथे आहे. पण अंधारात कुठला कुठला हे ओळखत बसायचं आपल्याला काही कारण नाही.

जाळी मार्चमध्ये बसवली. आता नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग तोंडावर आलंय, साप बिळात गेलेत, म्हणून निवांत लिहिते आहे.

इकडच्या पुष्कळ घरांना मागे लोखंडी गजांचं कुंपण असतं, डोंगर दिसावेत म्हणून. दोन गजांमध्ये चारेक इंचांची फट. त्यातून कुत्रं जात नाही, साप आरामात जातो. त्यावर उपाय म्हणजे गजांना आतून किंवा बाहेरून बारीक जाळी बांधायची. जाळी तारेची, गॅल्व्हनाइज्ड, पाव इंच छिद्रांचीच हवी. दुकानात अर्ध्या इंचाची स्वस्त मिळते आणि दुकानदारही 'चालेल' म्हणतो, पण जुलै-ऑगस्टपासून रॅटलरची पिल्लं बाहेर पडतात (ही मंडळी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच होतात) आणि तेवढं पिल्लू अर्ध्या इंचातून निसटतं. शिवाय पिल्लाच्या शेपटीला नुसतं एक बटण असतं, वाजत नाही. विष मात्र जन्मापासून तयार.

उंची तीन फूट घेतली. रॅटलर जडशीळ अंगाचा, चढण्यात हुशार नाही, पण पुढचं अंग बऱ्यापैकी वर उचलू शकतो. खालून सहा इंच जमिनीत पुरायची, आणि खर्च खरा तिथे होतो. आमच्याकडे मातीखाली कलिची लागते, चुनखडीचा दगडासारखा थर. फावडं त्यावर नुसतं वाजतं. माणसांनी पहारी आणि शेवटी जॅकहॅमर आणला. फुटामागे वीस डॉलरच्या आसपास गेले, त्यात निम्मी मजुरी खणण्याची. सोसायटीची परवानगीही लागते. आमच्या समितीला काळ्या रंगाची जाळी चालली, चकाकणारी नको होती. परवानगीचा अर्ज जाळीची ऑर्डर देण्याआधी करा, उत्तराला वेळ लागतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. जाळी पूर्ण बंद करण्याआधी अंगण दिवसाउजेडी नीट धुंडाळा. एसीच्या युनिटमागे, पूलच्या पंपाखाली, झाडांच्या आळ्यांत. आत राहिलेला साप नंतर आतच अडकतो.

काम ज्याच्याकडे दिलं त्याने सरळ भिंतीभर जाळी सुंदर लावली आणि फाटकाशी हात आखडता घेतला. बिजागरीच्या बाजूला बोटभर फट, खाली त्याहून मोठी. 'तेवढ्याने काय होतंय' म्हणे. आमच्या शेजारचे आजोबा चाळीस वर्षं या भागात राहिलेले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून फटीत घातली. पेन्सिल गेली की फट मोठी, एवढाच त्यांचा नियम. मी तो घरभर वापरला. गॅरेजच्या दाराचे दोन्ही खालचे कोपरे नापास झाले. कंत्राटदाराला परत बोलावून फाटकाला खाली ब्रशची दाट पट्टी आणि बाजूला लोखंडी पत्रा लावून घेतला. मगच शेवटचा हप्ता दिला.

हा हट्ट किती बरोबर होता ते पावसाळ्यात कळलं. इथला मान्सून सरकारी हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. पहिल्या मोठ्या वादळानंतर रात्री कुत्र्याला बाहेर सोडण्याआधी सवयीने टॉर्च फिरवला, तर जाळीच्या पलीकडे साप. साडेतीन फुटी असेल. मी आत, तो बाहेर, मध्ये पाव इंची तार. थांबले आणि बघत राहिले. तो जाळीला हनुवटी घासत, अगदी सावकाश, कडेकडेने चालला होता. दर वीतभर अंतरावर जीभ बाहेर, थोडं थांबायचं, पुन्हा पुढे. मला वाटलं होतं साप जाळीला अडला की मागे वळेल. तसं नाही. तो कड धरून फट शोधत जातो आणि कड त्याला बरोबर फाटकाशी आणून सोडते. फाटकाशी आल्यावर त्याने ब्रशमध्ये नाक खुपसलं, काढलं, जरा सरकून पुन्हा खुपसलं. मग बिजागरीचा पत्रा चाचपला. नंतर खांबाच्या बुंध्याशी वेटोळं करून बसला. सकाळी नव्हता. आणि एवढ्या वेळात एकदाही खुळखुळा वाजला नाही. टॉर्च तोंडावर असूनही नाही. रॅटलर नेहमी वाजवून इशारा देतो असं ज्याला वाटतं त्याने हे ध्यानात ठेवावं. तो आधी गप्प राहून दिसेनासा व्हायला बघतो, वाजवणं नंतरचं.

आता आठ महिन्यांत जाळीचं काय झालं ते. तार ठणठणीत आहे. वाट लागली ती बांधणीची. गजांना जाळी बांधायला प्लॅस्टिकचे झिपटाय वापरले होते. इथल्या उन्हात एका उन्हाळ्यात ते पापडासारखे कडकन मोडायला लागले. स्टीलचे घ्या किंवा तारेने बांधून घ्या, सुरुवातीलाच. फाटकाखालची रबरी पट्टीही भेगाळली, ब्रश टिकला. हावेलिनाने एका कोपऱ्यात मुसंडी मारून जाळी आत वाकवली. वॉशला पाणी आल्यावर एका ठिकाणी जाळीखालची माती वाहून गेली आणि दुसरीकडे काटक्या-कचऱ्याचा ढीग जाळीला टेकून बसला. म्हणजे तिथे तीन फुटाची उंची दीड फुटावर आली. प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुंपणाला एक फेरी मारावीच लागते. विकणारे 'देखभाल शून्य' म्हणतात ते विसरा.

आणि एक खरी उणीव. जाळी चांगल्या सापांनाही अडवते. किंगस्नेक रॅटलरला गिळतो, त्याच्यावर ते विष फारसं चालत नाही. गोफर स्नेक उंदीर फस्त करतो. (हा गोफर स्नेक बिचारा डोकं चपटं करून, फुत्कारून, शेपटी पानांत थरथरवून रॅटलरची नक्कल करतो आणि त्या पायी फुकट मारला जातो.) दोघेही आता अंगणाबाहेर.

त्यामुळे उंदरांचं काम आपल्यालाच करावं लागतं आणि माझ्या मते अर्धा फरक त्याने पडला. वॉशच्या बाजूला निवडुंगाखाली पॅकरॅटचं, म्हणजे सापडेल ते गोळा करणाऱ्या रानउंदराचं, घरटं होतं. काटक्या, चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे, कुत्र्याचं हरवलेलं खेळणं, सगळं रचून केलेला गुडघाभर ढीग. पॅकरॅट गाड्यांच्या वायरी कुरतडतो म्हणून त्याच्यावर लोकांचा राग असतो, पण त्याच्या घरट्यात रॅटलरही थंडी काढतो. ते माणसं लावून उपसलं. पक्ष्यांचा दाणा बंद केला, कारण सांडलेल्या दाण्याला उंदीर आणि उंदरामागे साप. संत्र्याखाली पडलेली फळं रोज उचलायची. ठिबकची गळकी नळी बदलली. झुडपं खालून वीतभर छाटली, जमीन दिसायला हवी. रॅटलर शिकारीमागे धावत नाही, उंदराच्या वाटेवर दबा धरून बसतो. वाटच राहिली नाही तर बसणार कुठे?

साप पळवणाऱ्या वस्तूंचं थोडक्यात. मागचे मालक जमिनीत रोवायच्या सौरऊर्जेवरच्या थरथरणाऱ्या काठ्या सोडून गेले होते. मी मुद्दाम काढल्या नाहीत. मे महिन्यात पुढच्या अंगणात एक साप त्यातल्या चालू काठीपासून हातभर अंतरावर सावलीला पसरलेला होता. गंधक आणि नॅप्थलिनचे दाणे, डांबराच्या गोळ्या यांना रॅटलर जुमानत नाही आणि लहान मुलं, कुत्री यांना त्या विषारी. पैसे वाचवा.

चाळीस इंची चिमटा आणि झाकण फिरवून बसणारी पाच गॅलनची बादली नवऱ्याने आणली. चिमट्याने आजवर चोयाचे काटेरी गोळे आणि झुडपात गेलेले चेंडू उचललेत. साप उचलायचा म्हणाल तर हातात वस्तू आली की अंगात बळ येतं, आणि ते इथे नको. जोरात दाबलं तर सापाच्या फासळ्या मोडतात, हळू धरलं तर तो वळतो. मारायच्या भानगडीत तर पडूच नये. तोडलेलं डोकंसुद्धा नंतर बराच वेळ चावू शकतं. आमच्या भागात अग्निशमन दल साप न्यायला येतं. सगळीकडे येत नाही, तुमच्याकडे विचारून ठेवा. नाही तर खासगी लोक शंभर-दीडशे डॉलर घेतात. ते साप जवळच सोडतात, दूर डोंगरात नाही, म्हणून लोक चिडतात. पण ओळखीची बिळं सुटलेला साप भटकून भटकून बहुधा मरतो आणि मोकळ्या जागी दुसरा येतोच.

कुत्र्याला सापापासून दूर राहायचं प्रशिक्षण दिलं. गळ्यातल्या पट्ट्याच्या सौम्य झटक्याने वास आणि आवाज यांची धास्ती बसवतात. बघायला बरं वाटत नाही, उपयोग मात्र होतो. दर वर्षी उजळणी हवी.

उन्हाळाभर आई इथे होती. तिचं माहेर शिराळ्याजवळचं, नागपंचमी म्हणजे काय ते तिने लहानपणी जवळून पाहिलेलं. रॅटलरचा फोटो दाखवला तर म्हणाली, "अगं, ही तर घोणसच!" दिसायला फार चुकीचं नाही. फक्त याच्या डोळा-नाकपुडीच्या मध्ये उष्णता टिपणारी खाच असते, आपल्याकडच्या चापड्याला असते तशी, घोणशीला नसते. खरी अडचण सापापेक्षा दिवेलागणीची होती. पॅटिओवरच्या तुळशीला दिवा लावायला ती अनवाणी जायची आणि इथे उन्हाळ्यात साप नेमके तेव्हाच निघतात, कारण दुपारची जमीन त्यांनाही भाजते. "देवाला बूट घालून जाऊ होय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुळस दाराच्या आत, खिडकीशी आणली. वाद मिटला.

चावा झालाच तर काय, हे फ्रिजवर मराठीत लिहून लावलं होतं. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, ९११ ला फोन, हॉस्पिटल. करकचून बांधणं नाही, चिरणं नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. साप पकडून दाखवायची गरज नाही, इथली औषधं रॅटलरच्या सगळ्या जातींसाठी चालतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाचं, त्याचा इथे उपयोग नाही. इथे मेंढीपासून केलेलं क्रोफॅब किंवा घोड्यापासून केलेलं ॲनाविप देतात. ॲनाविपची पहिली मात्राच १० कुप्यांची आणि एकेका कुपीला हॉस्पिटल हजारो डॉलर लावतं. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी आपण स्वस्तातला, ठरावीक रकमेपर्यंतचा प्रवासी विमा काढतो, तो या बिलापुढे काहीच नाही. आईचा मी व्यापक संरक्षणाचा काढला. विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा, चोवीस तास चालू असतो.

पुढचं अंगण उघडंच आहे आणि राहणार, तिथे जाळीला परवानगी नाही. पार्सलवाल्यांना सामान दाराशी झुडपाला टेकून न ठेवता बाकावर ठेवा अशी पाटी लावली आहे. गॅरेजचं दार सामान उतरवेपर्यंत सताड उघडं ठेवायची सवय मोडली.

भाड्याच्या घरात असाल तर अख्खी जाळी करू नका. दाराखालच्या आणि गॅरेजच्या पट्ट्या स्वतः बदला, साठ-सत्तर डॉलरमध्ये होतं. चांगला टॉर्च घ्या, आणि मालकाकडून झुडपं छाटून, पॅकरॅटचं घरटं काढून घ्या. ही मागणी फेब्रुवारीत करा. मार्चमध्ये साप बाहेर येतात आणि तोवर सगळे कंत्राटदार बुक झालेले असतात.