आवाज हवा की ताकद? बेळगाव पट्ट्यातल्या गाडीसाठी सायलेन्सरचा हिशेब

गाडीचा सायलेन्सर बदलायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट ठरवा: आवाज पाहिजे की ताकद? बेळगावात विचारा, निपाणीत विचारा, नाहीतर कोल्हापूरला जाऊन विचारा, "डबा मोकळा केला की गाडी मोकळी पळतीय बघा" हे उत्तर कुठेही मिळेल. आवाजापुरतं ते बरोबर आहे. ताकदीच्या बाबतीत बहुतेक छोट्या गाड्यांना ते लागू होत नाही, आणि पैसे नेमके तिथेच जातात.

इंजिनातून निघालेला वायू आधी मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरचा वायू एकत्र करणाऱ्या नळ्यांत) येतो, मग कॅटमध्ये (विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये), मग जाळीच्या फ्लेक्सिबल पाइपातून मधल्या डब्यात (रेझोनेटर) आणि शेवटी मागच्या डब्यात (मफलर). टर्बो (याच वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर तो मॅनिफोल्डला लागूनच असतो. गाडीचा आवाज मुख्यतः दोन्ही डबे ठरवतात. वायूला खरा अडथळा होतो तो त्यांच्या बराच पुढे, टर्बोत आणि कॅटमध्ये. त्यामुळे साध्या १.२ लिटर पेट्रोल गाडीत कॅटच्या मागचं सगळं बदललं तरी वाढ फार तर दोन-तीन टक्के, तीही इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) फिरत असताना. जुन्या चार सिलिंडरच्या स्विफ्टमध्ये ९० पीएस (अश्वशक्ती) आहेत. त्यात दोनेक पीएसची भर पडली तर ती बसणाऱ्याला जाणवत नाही.

आपल्याकडे एक प्रयोग फुकटात करता येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन इथे जवळपास तेवढीच ताकद कमी देतं. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की त्यातली बरीचशी परत मिळते, तिथल्या उष्म्याने थोडी कमी झाली तरी. म्हणजे नव्या पाइपापेक्षा घाट उतरण्याने जास्त फायदा होतो. टर्बोच्या गाडीत हा फरक कमी, कारण टर्बो जादा दाब देऊन विरळ हवेची भरपाई करतो.

मधला डबा काढणं की मागचा बदलणं?

सर्वांत स्वस्त काम म्हणजे मधला डबा कापून तिथे सरळ पाइप जोडणं. पाइपाचा तुकडा आणि वेल्डिंगची मजुरी, बस्स. मला हे काम अजिबात पसंत नाही. मधला डबा ठराविक कंपनं मारण्यासाठीच बसवलेला असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट होतात, तीन सिलिंडरमध्ये ७५. एवढ्या खालच्या सुराला गाडीची केबिनच घुमायला लागते. महामार्गावर शंभरच्या आसपास धावताना बऱ्याच छोट्या गाड्यांचं इंजिन याच पट्ट्यात असतं. बेळगावहून पुण्याला जाताना तो घुमार तासन् तास कानात बसतो, काच वर केली की वाढतो, आणि मागे बसलेल्या आई-वडिलांचं डोकं दुखतं ते वेगळंच.

मागचा डबा बदलणं त्यापेक्षा शहाणपणाचं. कंपनीच्या डब्यात कप्पे असतात आणि वायू त्यांतून वळणं घेत जातो. बाजारातल्या 'स्ट्रेट थ्रू' डब्यात भोकं पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर किंवा स्टील वूल भरलेलं असतं. त्याने सूर खाली येतो, भरदार होतो. मधला डबा जागेवर असेल तर घुमारही आटोक्यात राहतो. पण भराव काही वर्षांत जळतो, मग तोच डबा फाटका वाजू लागतो, हे घेतानाच लक्षात असू द्या. सूर मात्र सिलिंडरवरही ठरतो. २०२४ ची नवी स्विफ्ट तीन सिलिंडरची आहे. तिला कोणताही डबा लावला तरी जुन्या चार सिलिंडरच्या स्विफ्टसारखी ती वाजणार नाही.

कॅटच्या मागचं सगळं बदलायचं असेल तर

इथे पाइपाची जाडी कळीची. जाड पाइप म्हणजे जास्त ताकद, असा समज पक्का बसलाय. इंजिनातून वायू धक्क्याधक्क्याने बाहेर येतो. पाइप बेताचा असेल तर वायूचा वेग टिकतो आणि एका सिलिंडरचा धक्का पुढच्याचा वायू ओढून काढायला मदत करतो. छोट्या इंजिनाला अडीच इंची पाइप लावला की तो वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते. चिकोडी-निपाणी रस्त्यावर हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडताना आपल्याला तीच ओढ लागते. सहा हजार आरपीएमचा काय उपयोग? मूळ पाइपापेक्षा थोडासाच मोठा घ्या, नाहीतर तेवढाच ठेवा.

धातूबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खानापूर, जांबोटी, चंदगडकडचा पाऊस साधं लोखंड लवकर खातो. शिवाय रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालवणाऱ्याच्या डब्यात पाणी साचून तो आतूनही गंजतो. ३०४ दर्जाचं स्टेनलेस सर्वांत टिकाऊ. ४०९ त्याहून स्वस्त आणि चालण्यासारखं. खिशात लोहचुंबक घेऊन जा: ४०९ ला तो चिकटतो, ३०४ ला जवळजवळ चिकटत नाही. जोड आर्गन वेल्डिंगचे मागा. फाउंड्री आणि मशीन शॉपमुळे आपल्या भागात चांगल्या हाताचे वेल्डर मिळतात, ही आपली खरी जमेची बाजू आहे.

हेडर, डाउनपाइप आणि रीमॅप

ताकद इथे आहे, पण टर्बोच्या गाडीत. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनात इसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) रीमॅप केलं, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम बदलला, की फरक पहिल्याच चढाला कळतो. त्यासाठी सायलेन्सरला हात लावायची गरज बहुधा पडत नाही. या इंजिनाचा मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, त्यामुळे वेगळा हेडर (मॅनिफोल्डच्या जागी लावायच्या मोकळ्या नळ्या) बसवण्याचा प्रश्नच नाही, आणि डाउनपाइप (टर्बोतून निघणारा पाइप) बदलायचा म्हणजे कॅटला हात लावणं आलंच. मात्र रीमॅपने गिअरबॉक्स आणि क्लचवर भार वाढतो, कंपनीची वॉरंटी धोक्यात येते. साध्या पेट्रोलमध्ये हेडर आणि रीमॅपवर खर्च बराच, आणि हाती लागणारं थोडं. अॅक्सिलरेटर सोडताना फटाके वाजवणारं रीमॅप तर घेऊच नका. न जळलेलं इंधन पाइपात पेटतं आणि कॅट भाजून निघतो.

कॅट काढण्याचा सल्ला देणारे भेटतील. कॅटनंतरचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो, इंजिनाचा दिवा लागतो, पी०४२० (कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा) कोड येतो, आणि विषारी वायू आपल्याच गल्लीत सोडले जातात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढण्याचंही तेच. डिझेलच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: आवाजासाठी त्यात पैसे घालू नका. टर्बो तो आवाज खातो आणि जो उरतो तो ऐकावासा नसतो.

कायदा दोन्ही बाजूंना एकच

केए-२२ (बेळगाव) असो वा एमएच-०९ (कोल्हापूर), मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून काही बदलत नाही. कलम ५२ प्रमाणे गाडीचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच उचलून धरलं. कलम १८२ अ (४) नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज-धुराचे निकष मोडले तर कलम १९० (२): पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. पोलिसांचं लक्ष जायला तेवढं पुरतं.

मग निवड कशी करावी? टर्बो नसलेली छोटी पेट्रोल गाडी असेल तर मूळ सायलेन्सर ठेवा, एअर फिल्टर आणि प्लग बदला, चांगले टायर घाला. तवंदी घाटात याचा उपयोग जास्त. टर्बो पेट्रोल असेल आणि वॉरंटी संपली असेल तर आधी रीमॅपचा विचार करा, सायलेन्सरचा नंतर. चार सिलिंडरची गाडी आहे आणि सुराची आवड मनापासून आहे, तर फक्त मागचा डबा, तोही मूळ आवाजाच्या जवळपास राहणारा, आणि वरचा कायदा वाचून घेतलेला निर्णय म्हणून. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

काम करून घेणार असाल तर मूळ पाइप कापू देऊ नका, बोल्टने बसणारा डबाच घ्या आणि जुना माळ्यावर ठेवा. पाइप मूळ उंचीच्या खाली लोंबत नाही ना, हे गाडी उचलून नाही, चार माणसं बसवून पाहा. आपल्या गावांतले स्पीडब्रेकर तसेच आहेत. इंजिन थंड असताना चालू करून टेलपाइपवर जाड फडका धरायला सांगा आणि जोडाजोडाशी कान न्या. कुठे फुसफुस ऐकू आली तर पैसे द्यायच्या आधी ती बंद करून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या आणि रबरी हँगर पाहून घ्या, कारण तापून-थंड होऊन ते सैल पडतातच.